कर्तव्य कोणाच्या हुकमाने?

गेल्या अंकात इमान्युएल कांटच्या नीतिविचाराची ओळख करून दिली होती. आपल्याच विवेकाने घालून दिलेला नियम कर्तव्य म्हणून पाळावा, आणि तो नियम असा असावा की सगळ्यांनाच लावता यावा, हा त्यातला गाभा. त्यावर सातारा-सांगली भागातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. लांब पत्रं संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : 'प्रबोधन' हा शब्द आपण फार सैल वापरतो. ज्ञानाचा प्रसार म्हणजे प्रबोधन, की धर्मावरची टीका म्हणजे प्रबोधन? (वाई)

उत्तर : हाच प्रश्न डिसेंबर १७८३ मध्ये बर्लिनच्या 'बर्लिनिशे मोनाट्सश्रिफ्ट' या मासिकात छापून आला होता. विवाह चर्चविनाही व्हावेत का, असा वाद त्यात चालू होता. झ्योलनर नावाच्या पाद्र्याने आपल्या लेखाच्या तळटिपेत विचारलं, की प्रबोधन म्हणजे काय हे आधी कोणी सांगेल का? पुढच्या वर्षी त्याच मासिकात तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोनने उत्तर दिलं आणि डिसेंबर १७८४ मध्ये कांटने. कांटचं उत्तर जेमतेम आठ पानांचं आहे.

तो म्हणतो, माणसाने स्वतःच ओढवून घेतलेल्या अज्ञानपणातून बाहेर पडणं म्हणजे प्रबोधन. इथला 'अज्ञान' हा शब्द तलाठी कार्यालयातल्या अर्थाने घ्यायचा, कारण मूळ जर्मन शब्दही कायद्यातलाच आहे. वडील वारले आणि मुलगा दहा वर्षांचा असला, तर सातबाऱ्यावर त्याच्या नावाशी 'अ.पा.क.' लागतं : अज्ञान पालनकर्ता आई, किंवा चुलता. मुलगा अठरा पूर्ण झाला की वयाचा पुरावा जोडून अर्ज करायचा, फेरफार होतो, शेरा कमी होतो. पण कर्ज काढायची किंवा जमीन विकायची वेळ येईपर्यंत पुष्कळजण तो अर्जच करत नाहीत. पंचवीस-तीस वर्षांचा बाप्या कागदोपत्री अज्ञानच राहतो. कांटची तक्रार नेमकी हीच आहे. बुद्धी कमी म्हणून हा अज्ञानपणा टिकत नाही. ती दुसऱ्याच्या आधाराशिवाय वापरायचं धाडस होत नाही, म्हणून टिकतो. आळस आणि भित्रेपणा ही दोन कारणं तो नाव घेऊन सांगतो. माझ्याऐवजी पुस्तकाला समज आहे, माझ्याऐवजी पाद्र्याला सदसद्विवेक आहे, काय खावं ते वैद्य ठरवतो, मग मी कशाला त्रास घेऊ?

तेव्हा नुसता ज्ञानप्रसार म्हणजे प्रबोधन नव्हे. ढीगभर माहिती असलेला माणूसही पालनकर्त्याच्या हाताखाली असू शकतो. धर्माबद्दल कांट जास्त बोलतो हे खरं, पण तिथलं पालकत्व त्याला सर्वांत घातक वाटलं, म्हणून. टेंभूच्या आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला तेव्हा त्यांच्या वाचनात मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत अधिक होते. तरी 'इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार' हा त्यांचा बाणा कांटला ओळखीचा वाटला असता.

प्रश्न : 'तुझ्या कृतीचं सूत्र सार्वत्रिक नियम व्हावं असं तुला इच्छिता येईल असाच वाग', हे वाक्य पाठ आहे. पण प्रत्यक्षात कसोटी लावायला बसलं की काहीही सिद्ध करता येतं असं वाटतं. नेमकी रीत काय? (कराड, तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी)

उत्तर : काहीही सिद्ध होतं, कारण पहिली पायरी घाईत उरकली जाते. कसोटी कृतीला नाही, सूत्राला, म्हणजे आपण मनाशी ज्या नियमाने वागतो त्याला, लावायची असते. म्हणून आधी सूत्र वहीत लिहून काढा. त्यात तीन गोष्टी हव्यात : परिस्थिती, कृती आणि हेतू. एक उदाहरण सावकाश सोडवू. कांटचं मूळ उदाहरण परत न करण्याच्या इराद्याने काढलेल्या कर्जाचं आहे. आपण ते आपल्याकडचं करून घेऊ.

एकाला वीस हजार हातउसने हवे आहेत. तो शेजाऱ्याला सांगतो, 'कारखान्याचं बिल निघालं की लगेच देतो.' उसाचं बिल सोसायटीच्या कर्जात वळतं होणार आणि हातात काही पडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. सूत्र असं होईल : 'मला पैशांची नड असेल तेव्हा, पैसे मिळवण्यासाठी, फेडता येणार नाहीत हे माहीत असूनही मी फेडीचं वचन देईन.'

दुसरी पायरी. हे सूत्र निसर्गनियमासारखं सगळ्यांना लागू आहे असं जग कल्पा. नडलेला प्रत्येकजण असंच वचन देतो, आणि सगळ्यांना ते माहीत आहे.

तिसरी पायरी. त्या जगात माझा हेतू साधतो का ते पाहा. साधत नाही. 'बिल निघालं की देतो' हे शब्द तिथे वचन म्हणून कोणी ऐकणारच नाही. लोक हसतील आणि पैशाला हात लावणार नाहीत. म्हणजे मला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या आहेत : वचनावर विश्वास ठेवणारं जग, आणि त्यातली एकट्या माझ्यासाठी सूट. ही विसंगती सूत्राच्या पोटातच आहे. जिथे ती अशी आत सापडते तिथे कर्तव्य कडक असतं, त्यात सवलत नसते.

काही सूत्रं ही पायरी ओलांडतात. 'दुसऱ्याच्या अडचणीशी मला देणंघेणं नाही' हे सगळ्यांनी पाळलं तरी जग चालू राहील. तिथे चौथी पायरी लागते : असं जग मला इच्छिता येईल का? नाही, कारण मी गरजा असलेला प्राणी आहे. कधीतरी मला दुसऱ्याचा हात लागणारच, आणि तो मी आधीच नाकारून बसलेलो असेन. इथे जे कर्तव्य निघतं ते सैल असतं. मदत करायची हे ठरलेलं, पण कोणाला, कधी, किती, हे तुमच्या निर्णयावर सोडलेलं.

आता चुका कुठे होतात ते. पहिली, सूत्र फार अरुंद करणं. 'कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळ राहणाऱ्या, दोन बहिणी असलेल्या माणसाने मंगळवारी खोटं वचन द्यावं' हे सार्वत्रिक केलं तरी कुणाचाच वचनावरचा विश्वास उडत नाही, आणि लबाडी पास होते. उपाय असा, की ज्या तपशिलामुळे तुमचा निर्णय खरोखर बदलला असता तेवढाच सूत्रात ठेवायचा. बुधवार असता तर वचन दिलं नसतं का? दिलं असतं. मग मंगळवार खोडा. दुसरी चूक उलट टोकाची, हेतू गाळणं. 'मी सकाळी सहाला प्रीतिसंगमावर फिरायला जाईन' हे सगळ्यांनी केलं तर घाटावर पाय ठेवायला जागा उरणार नाही, म्हणून काय फिरणं अनैतिक? नाही. खरं सूत्र 'मोकळी हवा मिळावी म्हणून, गर्दी नसेल अशा वेळी' असं असतं आणि ते बिनतक्रार पास होतं.

तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही. 'सगळे खोटं बोलले तर समाजाचं किती नुकसान होईल' असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब परिणामांवरून नीती ठरवणाऱ्या बेंथमच्या वाटेचा आहे, ज्याचा मुख्य ग्रंथ १७८९ चा. कांट नुकसान मोजत नाही, विसंगती शोधतो. आणि 'आपल्याला जे नको ते दुसऱ्याला करू नये' हा सुवर्णनियम म्हणजेच कांटची कसोटी, असंही लिहू नका. कांटने स्वतः तळटिपेत त्याला नकार दिला आहे : तो नियम पुरेसा असता तर कैद्याने न्यायाधीशाला, 'तुम्हाला तरी शिक्षा आवडेल का' असं विचारून सुटका मागितली असती.

कसोटीचा निकाल पटत नसेल तर ही कसोटी कांटच्या ज्या १७८५ च्या ग्रंथात आहे, त्यातलाच दुसरा नियम लावून ताळा करा : माणसाला, मग तो तुम्ही असा की दुसरा, कधीही केवळ साधन म्हणून वापरू नका. इथे 'केवळ' या शब्दावर सगळा भार आहे. एसटीचा चालक तुम्हाला सातारला पोचवण्याचं साधन असतोच, पण तो त्याला राजी असतो. हातउसन्यातला शेजारी खरी गोष्ट कळती तर राजी झाला नसता. त्याला राजी होण्याची संधीच मिळू नये अशी तजवीज केलेली आहे. फसवणूक एवढीच असते आणि ती इथे उघडी पडते.

प्रश्न : बेदाण्याच्या व्यवहारात आहे. नमुन्याच्या बॉक्समध्ये वर टपोरा हिरवा माल आणि खाली काळपट, असं आम्ही करत नाही. कारण साधं आहे, एकदा नाव गेलं की पुढच्या सौद्याला दर पडतो. यात नीती आहे की नुसता धंदा? (तासगाव)

उत्तर : कांटने १७८५ च्या ग्रंथात जवळजवळ तुमचंच उदाहरण घेतलं आहे. त्याचा दुकानदार अडाणी गिऱ्हाइकालाही एकच भाव लावतो, इतका की लहान पोराने जाऊन माल आणला तरी फसगत होत नाही. कांट म्हणतो, ही वागणूक कर्तव्याला धरून आहे. पण ती कर्तव्यापोटी आहे का, हे एवढ्यावरून सांगता येत नाही, कारण फायदाही तिकडेच बोट दाखवतो आहे.

त्याने दुकानदाराला वाईट म्हटलेलं नाही. दोन दोर एकाच दिशेने ओढत असतील तर भार कोणत्या दोरावर आहे ते दिसत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. ते पाहायचं असेल तर एक दोर सुटलेला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. धंदा बंद करून तुम्ही गाव सोडणार आहात, हा शेवटचा सौदा, घेणारा लांबचा आहे, परत भेट नाही. त्या बॉक्समध्ये तुम्ही माल कसा भरला असता? उत्तर स्वतःपुरतं द्यायचं. दुसऱ्याचा हेतू मोजायला ही कसोटी वापरू नये. अगदी खोल आत्मपरीक्षण करूनही आपला खरा हेतू कोणता हे आपल्याला खात्रीने कळत नाही, असं कांटने त्याच ग्रंथात नोंदवलं आहे.

प्रश्न : १९४२ नंतर आमच्या भागात प्रतिसरकारच्या भूमिगतांना घराघरांतून लपवलं गेलं. पोलीस दारात आले की घरातल्या बायका 'हितं कोण न्हाई' म्हणून सांगत. मारेकऱ्याशीही खोटं बोलू नये असं कांट म्हणतो असं वाचलं. मग आमच्या आज्या चुकल्या का? (वाळवा)

उत्तर : नाही चुकल्या. पण कांटने काय लिहिलं ते आधी नीट पाहू, कारण अर्धवट सांगितलं तर त्याच्यावरही अन्याय होतो.

तो निबंध १७९७ चा आहे आणि बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाला दिलेलं उत्तर आहे. कॉन्स्टंटचं म्हणणं, सत्य सांगण्याचं कर्तव्य फक्त ज्याला त्या सत्याचा हक्क आहे त्याच्याशी असतं; मारेकऱ्याला तो हक्क नाही. कांटने हे मानलं नाही. जे विधान टाळताच येत नाही त्यात खरेपणा राखणं हे सगळ्यांशीच असलेलं कर्तव्य आहे. खोट्याने मारेकऱ्याचं काही बिघडत नसेल, पण माणसाच्या शब्दावर उभे असलेले सगळे करारमदार त्याने कमकुवत होतात. पुढे तो असंही म्हणतो, की तुम्ही खोटं सांगितलं आणि तेवढ्यात मित्र मागच्या दाराने निसटून नेमका मारेकऱ्याच्या तावडीत सापडला, तर त्याचा दोष तुमच्याकडे येतो. हा युक्तिवाद आम्हाला लंगडा वाटतो. ज्या कांटने परिणामांवरून नीती ठरवायची नाही असं आयुष्यभर सांगितलं, तो इथे परिणामांच्या शक्यतेचाच धाक घालतो.

'टाळता येत नाही' हे शब्द मात्र लक्षात ठेवा. दार न उघडणं, गप्प राहणं, उलट प्रश्न करणं, ओरडून शेजार गोळा करणं, यांतल्या कशालाही कांटची आडकाठी नाही. १९४२ च्या दारात अडचण अशी होती की गप्प बसणं हेच उत्तर ठरत होतं. बाई थांबली, नजर माडीकडे गेली, की संपलं. नेमकी ही अडचण महाभारताच्या कर्णपर्वात सांगितलेली आहे. कौशिक नावाच्या ब्राह्मणाने नेहमी खरंच बोलण्याचं व्रत घेतलेलं. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं रानात लपली. दरोडेखोरांनी विचारलं आणि कौशिकाने खरं सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, की न बोलता सुटता येत असेल तर बोलूच नये. पण बोलावंच लागलं, किंवा न बोलण्यानेच संशय येणार असेल, तर तिथे खोटं बोलणंच श्रेयस्कर. 'न बोलण्यानेच संशय' या पोटकलमाची दखल कांटच्या निबंधात कुठेच नाही.

कांटच्याच साधनांनी याचं उत्तर निघतं का? निघतं, असं आमचं मत आहे. आधीच्या उत्तरातली रीत घ्या. सूत्र : 'अन्यायाने एखाद्याच्या जिवावर उठलेला माणूस मला त्याचा ठावठिकाणा विचारेल आणि गप्प बसणं शक्य नसेल, तेव्हा त्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी मी चुकीचं सांगेन.' हे सगळ्यांनी पाळलं तर काय मोडतं? बाजारातला शब्द मोडत नाही, वचन मोडत नाही, साक्ष मोडत नाही. फार तर अशा पाठलाग करणाऱ्यांचा दारातल्या उत्तरावर विश्वास राहणार नाही आणि ते घराची झडती घेतील. ती तर ते तसंही घेत होतेच. उलट, खरं सांगायचं म्हणजे स्वतःला दुसऱ्याच्या अन्यायाचं हत्यार म्हणून वापरू देणं. माणसाला केवळ साधन करू नका, हा नियम स्वतःलाही लागू आहे.

खुद्द कांटही आधी इतका ताठर नव्हता. त्याच्या व्याख्यानांच्या विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या टिपणांत असं आहे, की धाक घालून माझ्याकडून विधान वदवलं जात असेल आणि त्याचा गैरवापर होणार हे मला माहीत असेल, तर तिथलं खोटं हे बचावाचं शस्त्र आहे. १७९७ च्या निबंधात तो या जागेवरून मागे सरकला. तो मागे सरकला म्हणून आपणही सरकलं पाहिजे असं नाही. प्रबोधनावरच्या आठ पानांच्या त्या उत्तरातला कांट तर आपल्याला तेच सांगत होता.

प्रश्न : मी बावीस वर्षं लष्करात काढली. आम्हाला कर्तव्य म्हणजे हुकूम पाळणं हेच शिकवलं. कांटचं कर्तव्य यापेक्षा वेगळं कसं? (अपशिंगे मिलिटरी, ता. सातारा)

उत्तर : हुकूम पाळण्याला कांट कमी लेखत नाही. १७८४ च्या निबंधात त्याने लष्करी अधिकाऱ्याचंच उदाहरण दिलं आहे. कामावर असताना वरून आलेला हुकूम उपयोगी आहे की नाही याचा मोठ्याने काथ्याकूट करणं घातक, तिथे पाळायचंच. पण सेवेतल्या त्रुटींवर जाणकार म्हणून वाचकांसमोर लिहिण्यापासून त्याला कोणी रोखू नये. पदावरून बोलणं याला तो बुद्धीचा 'खाजगी' वापर म्हणतो आणि सगळ्या वाचकांसमोर बोलणं याला 'जाहीर'. आपल्या बोलण्याच्या हे उलट आहे, म्हणून वाचताना घोटाळा होतो.

मात्र एक हद्द आहे. १७९३ च्या धर्मविषयक ग्रंथात तो स्पष्ट लिहितो, की माणसांनी जे मुळातच नीतिनियमाविरुद्ध आहे ते करायला सांगितलं तर ते पाळायचं नाही. आपला आर्मी ॲक्ट, १९५० काढून पाहा. कलम ४१ मध्ये वरिष्ठाचा हुकूम मोडणं हा गुन्हा आहे, पण हुकूम 'कायदेशीर' असला पाहिजे ही अट शब्दातच आहे.

ही हद्द पुसली की काय होतं ते १९६१ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयात दिसलं. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांत धाडण्याची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइखमन म्हणाला, मी आयुष्यभर कांटच्या नीतीप्रमाणे जगलो. न्यायाधीशांनी खोलात विचारलं तेव्हा त्याने नियम जवळजवळ बरोबर म्हणूनही दाखवला. मग कबूल केलं, की संहाराचं काम अंगावर आलं तेव्हापासून मी त्या तत्त्वाने जगणं सोडलं, आपल्या कृतींचा धनी मी राहिलो नव्हतो. कांटच्या दृष्टीने पाहिलं तर ज्या क्षणी नियम करणारा म्हणून माणूस स्वतःच्या जागेवरून उठतो आणि ती जागा वरिष्ठाला देतो, त्या क्षणी कर्तव्यही तिथून उठून जातं. मागे उरते ती आज्ञाधारकता.

स्वतः कांटवर वेळ आली ती ऑक्टोबर १७९४ मध्ये. १७९३ च्या त्या धर्मविषयक ग्रंथाबद्दल राजा दुसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्या नावे ताकीद आली. सत्तर वर्षांच्या कांटने मत मागे घेतलं नाही. 'महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन म्हणून' धर्मावर बोलणार नाही, एवढंच लिहून दिलं. १७९७ मध्ये राजा वारला. वचन त्या राजाच्या प्रजाजनाचं होतं, ते संपलं, असं म्हणून १७९८ मध्ये त्याने सगळं प्रकरण ताकिदीच्या पत्रासकट छापलं. अधिक धैर्य दाखवायला हवं होतं असं म्हणणारे आहेत. आम्हाला त्यात खोटं न बोलता गप्प राहण्याची त्याचीच रीत दिसते.

प्रश्न : मी परिचारिका आहे. रुग्णांची सेवा मला मनापासून आवडते. कांटच्या हिशेबी मग माझ्या कामाला नैतिक किंमत नाही? (मिरज)

उत्तर : असा अर्थ पुष्कळांनी काढला, आणि तो चुकीचा आहे. कांटने स्वतःच्या दुःखात बुडालेला, कुणाबद्दल काही वाटेनासा झालेला माणूस कल्पिला. तरीही तो उठतो आणि मदत करतो. तिथे कर्तव्य एकटं उभं दिसतं, म्हणून ते उदाहरण. आवड असणं हा दोष नाही. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला, आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकांसमोर, आवड शिल्लक नसताना तुम्ही सलाइन तपासायला उठता, तेव्हा जे तुम्हाला उठवतं ते आवड असतानाही सोबत असतंच. १७९७ च्या नीतिग्रंथात तर गरिबांच्या वस्त्या आणि आजाऱ्यांच्या खोल्या टाळू नका, सहानुभूती जागी राहावी म्हणून तिथे जा, असं कांटने कर्तव्य म्हणूनच सांगितलं आहे.

प्रश्न : निष्काम कर्मयोग आणि कांट एकच सांगतात ना? (सातारा)

उत्तर : फळावरून कर्माची किंमत करायची नाही, एवढ्यापुरते दोघे शेजारी आहेत. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात पाश्चात्त्य नीतिशास्त्राशी गीतेची तुलना करताना कांटची दखल घेतली आहे, ती याच अंगाने. पण पुढे वाटा फुटतात. गीतेतलं कर्तव्य अर्जुनाला स्वधर्म म्हणून आधीच मिळालेलं आहे. तो क्षत्रिय आहे, म्हणून युद्ध. दुसऱ्याचा धर्म नीट पाळण्यापेक्षा आपला उणा असला तरी बरा, असं तिसऱ्या अध्यायात म्हटलं आहे. कांटला जन्माने मिळालेलं कर्तव्य पुरत नाही. नियम प्रत्येक विवेकी माणसाला एकच, आणि तो त्यानेच स्वतःला घालून घेतलेला असला पाहिजे. शिवाय कांट इच्छा टाकायला सांगत नाही. सुख मागा, फक्त कर्तव्याशी गाठ पडेल तिथे सुखाने बाजूला व्हावं. स्वतःचं सुख सांभाळणं हेही त्याने आडवळणाने कर्तव्यच ठरवलं आहे, कारण गांजलेला माणूस मोहाला लवकर बळी पडतो.

प्रश्न : 'सर्व माणसं' म्हणताना कांट बायकांना धरतो का? (विटा)

उत्तर : नियमात धरतो, नागरिकत्वात वगळतो. १७९७ च्या नीतिग्रंथाच्या कायदाविषयक भागात घरगडी, शिकाऊ कामगार आणि 'सर्व स्त्रिया' हे त्याच्या मते मताधिकार नसलेले निष्क्रिय नागरिक. त्याच्याच कसोटीवर हे टिकत नाही, आणि हे त्याला कळायला हवं होतं. फ्रान्समध्ये ऑलिंप द गूजने १७९१ मध्ये, इंग्लंडमध्ये मेरी वुल्स्टनक्राफ्टने १७९२ मध्ये हा प्रश्न छापून मांडला होता. त्याच १७९२ मध्ये स्त्रियांच्या नागरी दर्जावर निनावी पुस्तक लिहिणारा हिप्पेल हा तर कांटच्याच गावचा महापौर आणि त्याच्या जेवणाच्या पंगतीतला मित्र. वंशांबद्दलही कांटने अत्यंत हीन विधानं केली आहेत. ती झाकून त्याला शिकवू नये. नायगावच्या सावित्रीबाईंनी आणि मूळ कटगुणच्या घराण्यातल्या जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा चालवून अज्ञानपणाचा जो शेरा पुसायला घेतला, तो कांटने स्त्रियांच्या उताऱ्यावर तसाच ठेवला होता.

प्रश्न : लोक कांटच्या फेरफटक्यावर घड्याळ लावत, हे खरं का? (फलटण)

उत्तर : ही गोष्ट हाइने या कवीमुळे पसरली. कांट म्हातारपणी काटेकोर वेळापत्रक पाळत होता हे खरं. तरुणपणी तो पत्ते, बिलियर्ड आणि गप्पांत रमणारा माणूस होता. खोगीर-पट्टे बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १७२४ मध्ये क्योनिग्सबर्गला जन्मला आणि १८०४ मध्ये तिथेच वारला. ते शहर आज रशियात आहे, कालिनिनग्राद नावाने. त्याच्या घरात एकच चित्र होतं, विचारवंत रूसोचं. सामान्य माणसाला मान द्यायला आपण रूसोकडून शिकलो, असं त्याने टिपून ठेवलं आहे.

प्रश्न : मूळ वाचायचं तर कुठून सुरुवात करावी? मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालेल. (सांगली)

उत्तर : १७८१ च्या 'शुद्ध विवेकाच्या चिकित्से'पासून सुरू करू नका, तिथेच बहुतेकांचं वाचन थांबतं. आधी मराठी विश्वकोशातली कांटवरची नोंद वाचून संज्ञा बसवून घ्या. मग प्रबोधनावरचा १७८४ चा निबंध, एका बैठकीत. त्यानंतर १७८५ चा नीतिविषयक छोटा ग्रंथ. त्याला प्रस्तावना आणि तीन भाग आहेत, आणि अकादमी आवृत्तीत, म्हणजे कांटच्या समग्र लेखनाच्या प्रमाण जर्मन आवृत्तीत, तो ऐंशी पानांच्या आत बसतो. कोणताही अनुवाद घेतलात तरी समासात त्या आवृत्तीचे पृष्ठांक छापलेले आहेत ना, ते पाहून घ्या. नसतील तर चर्चा करताना पानं जुळत नाहीत. चौथ्या खंडातलं पान ३९७ दुकानदाराचं, ३९८ दुःखात बुडालेल्या परोपकाऱ्याचं, ४२१ सार्वत्रिक नियमाचं, ४२२ खोट्या वचनाचं, ४२९ 'केवळ साधन नव्हे' या सूत्राचं, आणि ४३४ वर किंमत आणि प्रतिष्ठा यांतला फरक : ज्याच्या बदल्यात दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते, ज्याच्या बदल्यात काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा.

पहिले दोन भाग दोनदा वाचा. तिसरा भाग पहिल्या खेपेला सोडला तरी चालेल. स्वातंत्र्यापासून नीतिनियम सिद्ध करण्याचा तो प्रयत्न कांटला पुढे स्वतःलाच पुरेसा वाटला नसावा, कारण १७८८ च्या ग्रंथात त्याने तीच मांडणी उलट्या बाजूने केली : नीतिनियमाची जाणीव आधी, आणि तिच्यावरून आपण स्वतंत्र आहोत हे कळणं नंतर.